खोल श्वास : साधनेतला आणि आजारातला



आपण रोज ठरवून दीर्घ श्वास घेतो. थांबावंसं वाटलं की थांबतो. पण बसल्या जागी, झोपेतसुद्धा श्वास खोल आणि जोरात चालू राहिला, थांबवून थांबेना, तर तो प्राणायाम नव्हे. मोठ्या आजाराची ती खूण असू शकते.

जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये मधुमेहाने बेशुद्धीकडे चाललेल्या रुग्णांमधल्या या श्वासाचं वर्णन केलं. म्हणून त्याला 'कुसमाउल श्वास' म्हणतात.

*असं का होतं?*
इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात साखर असूनही शरीराला ती नीट वापरता येत नाही. मग चरबी जळते, कीटोन नावाची आम्लं साठतात आणि रक्तातली आम्लता वाढते. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला की ती थोडी उतरते, म्हणून मेंदू श्वास खोल करायला लावतो. मूळ बिघाड फुप्फुसात नसतो. त्यामुळे ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी निर्धास्त राहू नका. किडनी निकामी झाल्यावरही असा श्वास लागू शकतो.

*सोबत काय दिसतं?*
🔸 खूप तहान, वारंवार लघवी
🔸 उलट्या, पोटात दुखणं
🔸 तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास
🔸 ग्लानी, असंबद्ध बोलणं

लहान मुलाला मधुमेह आहे हे कधी कधी असंच पहिल्यांदा कळतं. "पोट बिघडलंय, उतरेल" म्हणण्यात वेळ जातो.

*काय करायचं?*
१. घरात मशीन असेल तर साखर बघा, पण त्यासाठी खोळंबू नका. १०८ ला फोन करा, थेट हॉस्पिटल गाठा. सलाइन, इन्सुलिन आणि पोटॅशियमवर लक्ष हे घरी होत नाही.
२. ग्लानीत असलेल्याच्या तोंडात पाणी, तीर्थ, काढा काहीही घालू नका.

*उपवासाबद्दल*
"आज एकादशी, खाणं नाही, मग इन्सुलिन कशाला?" असं म्हणून इंजेक्शन मनाने बंद करू नका. ताप-उलट्यांतही नाही. डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी नक्की विचारा, कारण त्यांच्यावर साखर फार न वाढताही कीटोन वाढू शकतात.

हा पाठ आज जेवणानंतर घरात मोठ्याने वाचा. मधुमेह असलेल्यांच्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. 🙏