बुबुळाची हरपलेली संवेदना

डोळ्यात धुळीचा कण गेला की पापणी आपोआप मिटते. हे रक्षण दोन तंत्रिकांच्या सहकार्याने घडते. पाचवी मस्तिष्क तंत्रिका कणाची वार्ता मेंदूस पोहोचविते. सातवी पापणी मिटविते. सातवी दुबळी झाल्यास डोळा उघडा राहतो व ते चारचौघांच्या ध्यानात येते. पाचवी निकामी झाल्यास मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. हानी निमूटपणे होत राहते.

पाचव्या तंत्रिकेच्या तीन शाखांपैकी पहिली नेत्रशाखा होय. तिचे काही तंतू कपाळाच्या त्वचेत, तर काही बुबुळावरील पारदर्शक पडद्यात, म्हणजे स्वच्छमंडलात, पसरतात. सुमारे अर्धा मि.मी. जाडीच्या या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तेथील तंतू वेदना कळवितात, तसेच पेशींच्या पोषणास आवश्यक द्रव्येही पुरवितात. ते नष्ट झाले की साधा ओरखडाही लवकर भरत नाही. व्रण वाढून दृष्टी जाऊ शकते. कपाळावरील नागीण, कुष्ठरोग, मधुमेह आणि मेंदूतील गाठीवरील शस्त्रक्रिया ही यामागील काही कारणे आहेत.

यावरील उपाय चेहऱ्याच्या रचनेतच सापडला. भुवईच्या हाडाच्या कडेवर अनेकांच्या बोटास लहानशी खाच लागते. तेथून व तिच्या नाकाकडील बाजूने नेत्रशाखेच्या दोन उपशाखा कपाळाकडे जातात. ज्युलिया टर्झिस व सहकाऱ्यांनी निरोगी बाजूच्या या उपशाखा बधिर डोळ्याकडे वळविल्या व 2009 मध्ये सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे टोरांटो येथील शल्यचिकित्सकांनी पोटरीतील संवेदी तंत्रिकेचा तुकडा मधल्या दुव्यासारखा जोडून लहान छेदांतून हे कार्य साधले. त्यांचा वृत्तांत 2014 मध्ये आला. जोडलेल्या दुव्यातून तंतू दिवसाला सुमारे एक मि.मी. वाढतात; म्हणून संवेदना परतण्यास काही महिने लागतात. आधीचा पांढरा डाग याने जात नाही. मात्र संवेदना परतल्यावर नेत्ररोपण टिकण्याची शक्यता वाढते.

ही शस्त्रक्रिया मोजक्याच केंद्रांत होते. वेळीच ओळख मात्र गावातही शक्य आहे. लाल झालेला डोळा दुखत नाही, म्हणून तो किरकोळ समजू नये. विशेषतः नागीण वा कुष्ठरोग झालेल्या व्यक्तीस नेत्रतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. कापसाच्या बारीक धाग्याने ते बुबुळाची संवेदना तपासतात. न दुखणारा डोळा स्वतः मदत मागत नाही. ती मागणे भोवतालच्या जाणत्यांचे काम आहे.