पानांच्या टोकांवरील थेंब

पावसाळ्यात रात्री पाऊस पडला नसला, तरी पहाटे भिवंडी तालुक्यातील भाताच्या राबात पात्यांच्या टोकांवर एकेक टपोरा थेंब दिसतो. परसातील अळूच्या पानाच्या टोकावरूनही पाणी ठिबकत असते. मुले यास दव म्हणतात. परंतु हे दव नव्हे. दव हवेतील बाष्पापासून बनते व पानाच्या पृष्ठभागावर सर्वत्र पसरते. हे पाणी वनस्पतीच्या आतून येते. म्हणून थेंब टिपून घेतला, तरी काही वेळाने तेथेच दुसरा येतो.

दिवसा मुळांनी शोषलेले बरेचसे पाणी पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने निघून जाते. रात्री ही रंध्रे बहुधा मिटतात व हवाही दमट असते. मुळे मात्र ओल्या जमिनीतून पाणी घेतच राहतात. त्यामुळे आतील दाब वाढून जास्तीचे पाणी पानाच्या टोकाशी वा कडेला असलेल्या जलरंध्रांतून बाहेर पडते. यास बिंदुस्राव म्हणतात.

प्रयोग : कुंडीत भाताची रोपे वाढवावीत व शेजारी एक वाळलेली काडी रोवावी. सायंकाळी भरपूर पाणी घालून रोपांवर काचेची बरणी पालथी ठेवावी. सकाळी पात्यांच्या टोकांवर थेंब दिसतील, काडीच्या टोकावर तसा थेंब दिसणार नाही. असे का, हे प्रथम मुलांनाच सांगू द्यावे. व्याख्या फळ्यावर मागाहून लिहावी. व्याख्या पाठ असलेल्या मुलास राबातील थेंब ओळखता येईलच असे नाही; थेंब पाहून ओळखणाऱ्यास मात्र व्याख्या सहज समजते.