अष्ठीला ग्रंथि: साल आणि गर

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथि असते. तिला अष्ठीला किंवा प्रोस्टेट ग्रंथि म्हणतात. वीर्यातील द्रवाचा काही अंश ती निर्माण करते. उतारवयात ती पुष्कळांच्या बाबतीत वाढते. मग लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते आणि कधी मूत्र अजिबात अडते. ही वाढ कर्करोग नव्हे.

तथापि वाढ सबंध ग्रंथीची होत नाही. मूत्रमार्गालगतचा आतील भाग तेवढा फुगतो व बाहेरील भाग दाबला जाऊन पातळ होतो. नागपुरी संत्र्याची साल जशी गरापासून सहज सुटते, तसा हा पातळ थर आतील गाठीपासून सुटा करता येतो.

इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये १८७५ ते १८९६ या काळात काम केलेले शल्यचिकित्सक पीटर फ्रायर यांनी १९०० साली लंडनमध्ये याच गोष्टीचा उपयोग केला. ओटीपोट चिरून त्यांनी मूत्राशय उघडले आणि वाढलेला भाग बोटाने सोलून काढला. आपण संपूर्ण ग्रंथि काढली, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबर नव्हते. मागे राहिलेली ‘साल’ हाही ग्रंथीचाच भाग होता.

आज बहुधा पोट चिरावे लागत नाही. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विजेने तापणाऱ्या तारेच्या फासाने गाठीचे काप काढतात, किंवा लेसरच्या साहाय्याने ती सबंध सोलतात. मूत्रमार्गाच्या मागील भिंतीवर, जेथे वीर्यनलिका उघडतात तेथे, एक लहानसा उंचवटा असतो. तो शल्यचिकित्सकाची खूण होय. त्याच्या खालीच मूत्र रोखून धरणारा स्नायु असतो. त्याला इजा झाल्यास लघवीवरील ताबा जाऊ शकतो. मूत्राशयाचे मुख रुंद झाल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर वीर्य बहुधा मागे मूत्राशयात जाते. त्याने प्रकृतीस अपाय होत नाही, परंतु रुग्णाला ते आधी सांगितलेले बरे.

एक गोष्ट विसरता कामा नये. अष्ठीलेचा कर्करोग बहुतांशी बाहेरच्या भागातच उद्भवतो आणि तो भाग या शस्त्रक्रियेत शिल्लक राहतो. म्हणून ‘ग्रंथि काढली, आता चिंता मिटली’ असे समजणे चुकीचे आहे. पुढील तपासण्या केव्हा कराव्यात, हे वैद्यांना विचारावे.