परसबागेस पाणी किती घालावें?

घरामागील चार हात जागेंत मेथी, कोथिंबीर, वांगीं, मिरच्या आणि माळेपुरता झेंडू लावावा, अशी हौस पुष्कळांस असते. पहिले आठ दिवस उत्साहाचे जातात. महिनाअखेर रोपें पिवळीं पडून माना टाकितात, आणि “आमच्या हाताला झाड लाभत नाहीं” असें म्हणून घरचीं माणसें तो नाद सोडून देतात. आम्ही शाळेच्या व विद्यार्थ्यांच्या घरच्या बागा पाहतों, तेव्हां असें दिसून येतें कीं, यांपैकीं बरींच रोपें पाण्यावांचून मेलेलीं नसतात. तीं पाण्यानेंच मेलेलीं असतात.

मुळांचें काम केवळ पाणी शोषण्याचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मुळें श्वासोच्छ्वासही करितात. मातीच्या कणांमध्यें बारीक पोकळ्या असतात. त्यांत कांहीं भाग पाणी व कांहीं भाग हवा असावी लागते. सतत पाणी ओतल्यानें त्या सर्व भरून जातात, मुळें गुदमरतात व कुजूं लागतात. कुजलेल्या मुळास पाणी ओढतां येत नाहीं, म्हणून वर पानें सुकतात. तीं सुकलेलीं पाहून आपण आणखी एक कळशी रिकामी करितों! तहानलेलें रोप व बुडालेलें रोप वरून सारखेंच दिसतें, हाच सारा घोटाळा आहे.

येथें कोणी विचारील, मग मोरीच्या तोंडाशीं अळू कसें माजतें? अळवाचा देठ आडवा कापून पाहा. त्यांत बारीक छिद्रें दिसतील. त्या वाटेनें हवा खालीं मुळांपर्यंत पोहोंचते. भातासही अशीच सोय आहे. वांगें, मिरची, टोमॅटो यांस ती तशी नाहीं. म्हणून अळवाचा न्याय त्यांस लावूं नये.

मग पाणी घालावें केव्हां? घड्याळास न विचारतां मातीस विचारावें. रोपाजवळ दोन इंच खोल बोट खुपसावें; ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नको. माती कोरडी लागली तर सकाळीं सावकाश, खोलवर मुरेल इतकें पाणी द्यावें. रोज वरवर शिंपडल्यानें मुळें वरच राहतात व उन्हांत लवकर होरपळतात. देशावरील काळी माती पाणी फार दिवस धरून ठेवते, तर कोंकणांतील जांभ्याच्या मातींतून तें लवकर निथळून जातें. शेजाऱ्याचें वेळापत्रक म्हणूनच आपल्या उपयोगी पडत नाहीं.

पावसाळ्यांत वीतभर उंच गादीवाफे करावे, म्हणजे पाणी बाजूनें निघून जाईल. उन्हाळ्यांत रोपाभोंवतीं आळें करून त्यावर दोन इंच पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकेल. तो खोडास मात्र चिकटूं देऊं नये. कुंडीच्या तळाशीं छिद्र हवेंच.

बीं त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावें. त्याहून खोल गाडूं नये. धने हलक्या हातानें रगडून दोन फांका करून पेरावे, कारण एका धन्यांत दोन बिया असतात. मेथी चार-पांच दिवसांत उगवते, कोथिंबिरीस आठ-दहा दिवस लागतात. तोंवर धीर धरावा. वांगीं-मिरचीचें बीं दाट पेरून वाफा चिंब ठेविला तर बुरशीनें कोंवळीं रोपें बुडापाशीं कोलमडतात; म्हणून पातळ पेरावें. पुदिना काडीनें लागतो, पण तो पसरतो, यास्तव कुंडींत लावावा.

मातींतील हवेचें महत्त्व शेतकीशास्त्रज्ञ सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं बिहारांत पुसा येथें काम करीत असतां आग्रहानें मांडलें. पुढें इंदूर येथें त्यांनीं काडीकचऱ्याचें खत करण्याची पद्धति बसविली व १९३१ सालीं यशवंत वाड यांच्यासह तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. भाजीचे देठ, पालापाचोळा, शेण, थोडी राख व माती यांचे थर ओलसर ठेवून मधून मधून उलथल्यास सुमारें तीन महिन्यांत भुसभुशीत खत तयार होतें. तें चिकण माती मोकळी करितें आणि रेताड मातींत ओल टिकवितें.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. दोन सारखे डबे घ्यावे. एकाच्या तळास छिद्रें पाडावीं, दुसरा तसाच ठेवावा. दोहोंत एकच माती भरून मेथी पेरावी, रोज सारखेंच पाणी द्यावें व तीन आठवडे टिपण ठेवावें. अखेर रोपें उपटून मुळें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं.

पालकांसही एक विनंती आहे. एका वाफ्याचा भार एकाच मुलावर सोंपवावा. घरांतील तिघे जण एकाच रोपास प्रेमानें पाणी घालतात, तेव्हां तें वांचत नाहीं. आणखी असें कीं, चैत्र-वैशाखांत जेव्हां विहिरी तळ गांठतात, तेव्हां पुष्कळ घरीं प्रत्येक कळशी कोणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते. ती रोपास मारण्यांत खर्चूं नये. तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी वाफ्यास द्यावें, मोरीचें पाणी केळीकडे वळवावें. आणि कळशी उचलण्यापूर्वीं बोट मातींत घालावें. एवढी संवय ज्या मुलास लागली, त्याच्या हाताला झाड लाभतेंच.