विचारून हात लाव

पोरी, लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्यानं तुला लहानपणी झालेल्या अत्याचाराचं सांगितलं, याचा राग धरू नकोस. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून तो गप्प होता असं नाही. अशा गोष्टी ओठांवर यायला माणसाला कित्येकदा वीस-तीस वर्षं लागतात, आणि पुरुष तर बहुतेकदा कुणालाच सांगत नाहीत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. आपल्याकडे मात्र मुलीला दहा वेळा बजावतात, आणि मुलगा सुट्टीत कुणाच्या शेजारी झोपतो ते कुणी वळूनही बघत नाही.

माझी हयात समुपदेशनात गेली. त्यातून एकच गोष्ट तुझ्या कानात घालते. त्या वयात त्याच्या 'नको'ला कुणी किंमत दिली नाही. तुमच्या घरात ती पुरेपूर मिळू दे. कधी सांगायचं, किती सांगायचं, कुणाला कळू द्यायचं, कुणी कधी जवळ यायचं, हे सगळं त्याच्या हातात राहू दे.

तो बोलायला लागला की हातातलं काम ठेव आणि ऐक. ‘तू सांगितलंस, बरं केलंस. माझा विश्वास आहे. तुझी काहीच चूक नव्हती.’ एवढं पुरतं. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ आणि ‘ओरडला का नाहीस?’ हे दोन प्रश्न मात्र चुकूनही नकोत. भीतीनं शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, मोठ्यांचंही तसंच होतं. आणि मुलग्यांच्या मनात आणखी एक सल असतो, तो तुला ठाऊक असू दे. त्या वेळी शरीरानं प्रतिसाद दिला असेल, तर ‘मलाच ते हवं होतं की काय’ या शंकेनं ते पुढं जन्मभर स्वतःला खात राहतात. शरीराचं ते आपोआप होतं, त्यात मुलाची संमती नसते. हा विषय तू काढू नकोस. त्यानं काढला तर ठामपणे एवढं सांग.

तपशील उकरू नकोस. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातावर एक पुस्तक लिहिलं. सावरण्याची पहिली पायरी त्यांनी सुरक्षितता ही सांगितली आहे. आठवणींशी भिडणं त्याच्या नंतर येतं. माझा अनुभवही तोच. घाईनं सगळं बोलायला लावलं की माणूस पुढचे कित्येक दिवस झोपत नाही.

रात्री तो दचकून उठला, घामानं भिजलाय, डोळे उघडे आहेत पण तुला ओळखत नाही, असं झालं तर त्याला गदागदा हलवू नकोस आणि मिठीही मारू नकोस. त्या क्षणी जवळ येणारा हात कुणाचा, हे त्याला कळत नसतं. दिवा लाव. पलंगापासून दोन हात लांब उभी राहा आणि नेहमीच्या आवाजात त्याचं नाव घे. ‘हे आपलं घर आहे. आज मंगळवार. मी इथे आहे, दाराला आतून कडी आहे.’ पाय फरशीवर टेकवायला सांग, गार पाण्याचा पेला पुढे कर. श्वास शांत झाला की मगच विचार, ‘जवळ येऊ का?’ नको म्हणाला तर खुर्ची ओढून तिथेच बस. सकाळी त्याबद्दल चौकशी मांडू नकोस, चहा टाक.

दिवसाही तेच. ओट्याशी उभा असताना मागून गळ्यात हात टाकू नकोस, आधी आवाज दे. एखादं केसांचं तेल, तंबाखूचा वास, जिन्यावरची विशिष्ट चप्पल, यांनीही तो क्षणात आक्रसून जाईल. घरातून जे काढता येईल ते काढून टाका.

जवळिकीत एक शब्द ठरवून घ्या. तो कुणीही उच्चारला की तिथेच थांबायचं. थांबल्यावर उसासा नको, पाठ फिरवून झोपणं नको. तुला वाईट वाटणारच, ते दुसऱ्या दिवशी उजेडात बोल. त्याचं आक्रसणं तुझ्या रूपाशी किंवा प्रेमाशी जोडू नकोस. आणि तुझ्या ‘नको’लाही तेवढीच किंमत हवी, हे धरून चाल.

आता सगळ्यात अवघड, नातेवाईक. ज्यानं केलं तो बहुधा ओळखीतलाच असतो. घरातला असेल तर लग्नामुंजीत मानानं पुढे बसलेला असतो. ‘अरे, पाया पड’ म्हणून कुणी नवऱ्याला पुढे ढकलेल. कार्याला जायचं की नाही हे त्यानं ठरवावं. जायचंच असेल तर आपल्या वाहनानं जा, मुक्काम करू नका, निघायची खूण ठरवून ठेवा, आणि पाया पडायची वेळ आली की ‘चला, उशीर होतोय’ हे तू म्हण. सासूबाईंना त्याच्या परवानगीशिवाय काही सांगू नकोस. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे त्याच्या कानावर घालणाऱ्याला तूच थांबव. माफ करायचं की नाही, हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे, आणि न करताही माणसं छान सावरतात.

इथे एक अपवाद मी करते. तो माणूस आजही लहान मुलांच्या आसपास असेल आणि त्यांना धोका दिसत असेल, तर गप्प बसता येणार नाही. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानं अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक केलंय, १०९८ वर बालकांसाठी मदत मिळते. नवऱ्याशी आधी बोल, त्याला सोबत घे. पण मुलांचं रक्षण आधी.

तू त्याची बायको आहेस, डॉक्टर होऊ नकोस. आघातावर काम केलेला मानसोपचारतज्ज्ञ शोधा. पहिल्याच भेटीत ‘अशा व्यक्तींबरोबर काम केलंय का?’ असं सरळ विचारा, पटलं नाही तर दुसरा बघा. तो तयार नसेल तर आधी टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक देऊन ठेव. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा त्यानं केली, तर गुपित राखायचं वचन देऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आणि भूतकाळाच्या नावाखाली हात उगारणं चालणार नाही. त्यानं हात उचलला तर तू माझ्याकडे ये, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर. दुखणं त्याचं खरं आहे, तरी मार तू खायचा नाहीस. एरवीही मन मोकळं करायला तुला एक जागा हवी. कुणाशी काय बोललेलं चालेल, ते त्याला विचारून ठरव.

पुढे मूल होईल. मूल त्याच्या त्या वयाला पोचलं की शांत झालेला माणूसही पुन्हा ढवळून निघतो, तेव्हा बिचकू नकोस. काही बाप मुलाला आंघोळ घालायलाच घाबरतात, ‘मीही तसाच झालो तर?’ या भीतीनं. ज्यांनी हे सोसलं त्यांतले बहुसंख्य पुरुष कुणालाही इजा करत नाहीत, हे त्याला स्वच्छ सांग. ही भीती उपचार करणाऱ्यांसमोर बोलायला सुचव. तोवर आंघोळ तू घाल, टॉवेल धरायचा की नाही ते त्याला ठरवू दे.