आबांची इंजेक्शनं मध्येच सोडू नका

अगं, ‘लाईट (किरणं) संपली, पीएसए खाली आला, आता इंजेक्शनं कशाला?’ असं उद्या तुझे सासरे आबा म्हणाले, तर तू गप्प बसू नकोस. बंगळूरच्या चिकपेटातल्या त्या बोळात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान चार दिवस बंद राहिलं तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. खानापूर-आटपाडीकडची आपली माणसं दुखणं अंगावर काढून भट्टीपुढं बसतात. पण आबांचा ग्लिसन स्कोअर 9 आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये 8 ते 10 म्हणजे जोरात वाढणारी जात. आजार हाडांत गेलेला नाही, म्हणून डॉक्टर तो बरा करायच्या हिशेबानेच चाललेत.

पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, उतरतो त्यात मोठा वाटा इंजेक्शनाचा असतो. या पेशी पुरुषी हार्मोनवर पोसतात. ते तोडलं की त्या खंगतात आणि किरणं त्यांना जास्त बाधतात. म्हणून आकडा खाली आला एवढ्यावरून आजार गेला असं धरायचं नाही. युरोपात मिशेल बोला यांनी नुसती किरणं आणि किरणांबरोबर 3 वर्षं हार्मोन तोडणारी इंजेक्शनं अशी तुलना केली. 10 वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे 40 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 58. पुढे त्यांनीच इंजेक्शनं 6 महिने आणि 3 वर्षं अशी ताडून पाहिली, तर 5 वर्षांत दगावणारे 19 टक्क्यांवरून 15 वर आले. जावईबापूंना हेच आकडे सांग.

आपल्या मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी असेच 224 रुग्ण घेतले होते. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर किरणं, निम्म्यांना ओटीपोटातल्या लसीका गाठींवरही. 5 वर्षांनी पीएसए न उसळलेले 81 आणि 95 टक्के. एकूण आयुष्यमानात मात्र तेव्हा फरक दिसला नाही. आणि हार्मोन तोडणारा उपचार सगळ्यांनाच किमान 2 वर्षं होता. आबांच्या लाईटीत गाठी धरल्यात का, ते किदवाई कॅन्सर हॉस्पिटलात विचारून घे. रोज लाईटीला जाताना लघवीची पिशवी भरलेली आणि पोट साफ हवं, म्हणजे आतड्याला कमी झळ बसते.

आता घरातलं बोलते. या इंजेक्शनांनी अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो. भट्टीपुढं ते सोसवणार नाही, त्यांना गल्ल्यावर बसवा. चिडचिड होऊ शकते, वजन आणि साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या, रोज चालायला लावा. नवराबायकोतली ओढही जाते. हे सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, पण तुझ्या सासूबाईंना, आत्यांना, आधीच समजावून ठेव, नाहीतर त्या बिचाऱ्या मनातल्या मनात कुढत बसतील.

पैशावरून अडत असेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. अंडग्रंथी काढायची छोटी शस्त्रक्रिया तेच काम करते, एकदाच खर्च येतो, पण ती परत फिरवता येत नाही. आबांचं मन तयार नसेल तर ढकलू नका. तोवर पुढच्या इंजेक्शनाची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर तूच लिहून ठेव, आणि शौचातून किंवा लघवीतून रक्त दिसलं तर लाईट संपून वर्ष झालं असलं तरी डॉक्टरांना दाखवा.