मोठ्या कंपनीतील इंटर्नशिप : मुलाखतीची तयारी कशी करावी?



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्या माणसाने सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या मुलाखतीवर लेख लिहावा, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. ते साहजिकच आहे. आम्हाला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. परंतु आमच्या मुलीने संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी अशा मुलाखती दिल्या व तिची तयारी आम्ही फार जवळून पाहिली. पहिल्या मुलाखतीत तिला अपयश आले. त्या अपयशात आमचाही वाटा होता. जे आम्हाला उशिरा कळले ते इतर घरांना वेळेवर कळावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

इंटर्नशिप म्हणजे काय?

शिक्षण चालू असताना कंपनीत काही आठवडे प्रत्यक्ष काम करणे म्हणजे इंटर्नशिप. जुन्या भाषेत यालाच उमेदवारी म्हणत. चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात तिसरे वर्ष संपल्यावर, उन्हाळ्यात साधारण आठ ते बारा आठवड्यांसाठी मोठ्या कंपन्या विद्यार्थ्यांना घेतात व दरमहा विद्यावेतन देतात. काम पसंत पडल्यास पदवी हाती येण्यापूर्वीच नोकरीचा प्रस्ताव मिळू शकतो. म्हणूनच या उमेदवारीला महत्त्व आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. काम उन्हाळ्यात असले तरी निवड उन्हाळ्यात होत नाही. अनेक महाविद्यालयांत ती आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टपासूनच सुरू होते. म्हणजे तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होतात न होतात तोच परीक्षा दारात उभी असते. तयारी दुसऱ्या वर्षातच व्हावयास हवी. ज्यांच्या महाविद्यालयात मोठ्या कंपन्या येत नाहीत त्यांनी निराश होऊ नये. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. ओळखीचे कोणी तेथे नोकरीस असल्यास त्यांच्यामार्फत नाव सुचवता येते. मात्र मुलाखतीसाठी किंवा नेमणूकपत्रासाठी कोणी फी अथवा अनामत मागितली, तर ती फसवणूक समजावी. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

निवडीचे टप्पे

पहिला टप्पा अर्जाचा. सोबतचा परिचय, ज्याला रेझ्युमे म्हणतात, एका पानाचा असावा. त्यात वडिलांचे नाव, धर्म, छंद यांची जरुरी नाही. शिक्षण, येणाऱ्या भाषा (म्हणजे सी प्लस प्लस, जावा, पायथन यांसारख्या), स्वतः केलेले प्रकल्प व मिळालेले यश एवढे पुरे. जे लिहिले असेल त्यावर प्रश्न येणारच, तेव्हा न येणारी गोष्ट लिहू नये.

दुसरा टप्पा संगणकावरील चाचणीचा. साधारण तास-दीड तासात दोन-तीन प्रश्नांचे प्रोग्रॅम लिहावे लागतात. ते तपासतो संगणकच. त्याला दया-माया नसते. उत्तर बरोबर असून प्रोग्रॅम संथ असेल, तरी गुण जातात.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष मुलाखतींचा. अशा एक ते तीन मुलाखती होतात. प्रत्येक सुमारे ४५ मिनिटे ते एक तास चालते. समोर कंपनीतील इंजिनिअर असतो, बहुधा व्हिडिओवर. तो एक-दोन प्रश्न देतो व आपण ते त्याच्यासमोर सोडवायचे. शेवटी स्वभाव, प्रकल्प व सहकाऱ्यांशी वागणूक यांविषयी बोलणे होते.

अभ्यास कशाचा करावा?

या मुलाखतीचा गाभा आहे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, म्हणजे माहिती कशी रचून ठेवावी आणि तीवर काम कोणत्या रीतीने करावे. नावे अवघड आहेत, पण आमच्या बँकेच्या अनुभवावरून आम्हाला ती समजली, म्हणून त्याच भाषेत सांगतो.

आम्ही नोकरीस लागलो तेव्हा जुनी लेजरे कपाटात होती. खातेदार समोर आला की त्याचे पान कसे शोधायचे? पहिल्या पानापासून एकेक पान उलटणे ही एक रीत. खाती क्रमाने असतील तर मधले पान उघडायचे, आपला क्रमांक पुढे की मागे ते पाहायचे, आणि निम्मे लेजर सोडून द्यायचे, ही दुसरी रीत. हिलाच बायनरी सर्च म्हणतात. दहा लाख नोंदी असल्या तरी या रीतीने सुमारे २० वेळा पाहिले की काम होते, कारण दर वेळी उरलेले निम्मे होते. तिसरी रीत म्हणजे खाते क्रमांकावरूनच नेमके कोणत्या ठिकाणी पाहायचे हे कळणे. हॅश टेबल ते असे.

पंगतीतील ताटांची चळत म्हणजे स्टॅक, कारण शेवटी ठेवलेले ताट आधी उचलले जाते. काउंटरपुढची रांग म्हणजे क्यू. मुख्य कार्यालय, त्याखाली विभागीय कार्यालये, त्यांखाली शाखा, ही रचना म्हणजे ट्री. एस. टी.ची गावे आणि त्यांना जोडणारे रस्ते म्हणजे ग्राफ. यांखेरीज ॲरे, लिंक्ड लिस्ट, क्रमवारी लावण्याच्या पद्धती, रिकर्शन आणि शेवटी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, एवढे विषय पक्के करावेत.

आता प्रत्यक्ष एक प्रश्न पाहू. तो या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. संध्याकाळी हिशेब जुळत नाही, ५,४०० रुपयांचा फरक येतो. समोर १,००० व्हाउचरे आहेत. त्यांपैकी कोणत्या दोहोंची बेरीज ५,४०० होते ते शोधा. प्रत्येक व्हाउचर दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहिले, तर ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागतील. त्याऐवजी एकेक व्हाउचर हाती घ्यावे. समजा ते २,१०० चे आहे. तर ३,३०० चे व्हाउचर याआधी येऊन गेले का, एवढेच हॅश टेबलात पाहावे. नसल्यास २,१०० ची नोंद करून पुढे जावे. एकाच फेरीत काम संपते. पाच लाखांच्या जागी हजार पावले, हा फरक कंपनीला पाहावयाचा असतो.

परंतु हुशार उमेदवार एवढ्यावर थांबत नाही. २,७०० चे एकच व्हाउचर असेल, तर ते स्वतःशीच जोडले जाणार नाही ना? अशी जोडीच नसेल तर काय उत्तर द्यायचे? गठ्ठाच रिकामा असेल तर? या कडेच्या शक्यता तपासणे म्हणजे निम्मी मुलाखत जिंकणे होय.

अभ्यासासाठी पैसे खर्चावेच लागतात असे नाही. आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एन. पी. टी. ई. एल. उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. लीटकोड, हॅकररँक यांसारख्या ठिकाणी सरावाचे भरपूर प्रश्न फुकट आहेत. गेल लाकमन मॅकडॉवेल यांच्या ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ या पुस्तकाच्या २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न उत्तरांसह आहेत. एक प्रत चौघांत पुरते. घरी लॅपटॉप नसेल तर कागदावर प्रोग्रॅम लिहून महाविद्यालयात चालवून पाहावा. कागदावरचा सराव वाया जात नाही, कारण काही मुलाखतींत प्रोग्रॅम चालवून पाहण्याची सोयच नसते.

आमच्या मुलीचे काय चुकले?

हा सर्व अभ्यास आमच्या मुलीने केला होता. शेकडो प्रश्न सोडवले होते. संगणकाची चाचणीही ती पार झाली. मुलाखतीच्या दिवशी आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आतून आवाज येईना. आम्हाला वाटले, मन लावून लिहिते आहे. निकाल आला तेव्हा नाव नव्हते. ती म्हणाली, “पप्पा, उत्तर मला येत होतं. मी मनात सोडवत होते. पूर्ण झालं की सांगणार होते.” मुलाखत घेणाऱ्याने दोनदा विचारले होते की, तुझ्या मनात काय चालले आहे ते सांग. ती दोन्ही वेळा “एक मिनिट, सर” म्हणाली आणि गप्प राहिली. अशी वीस मिनिटे गेली.

मित्रहो, हे मौन तिला शिकवले कोणी? आम्हीच. “उत्तर पक्कं असल्याशिवाय तोंड उघडू नये, लोक हसतात,” हे वाक्य ती लहानपणापासून आमच्या तोंडून ऐकत आली होती. आम्हाला आमच्या वडिलांनी तेच सांगितले होते. चारचौघांत चुकीचे बोलण्याची जी भीती मागच्या पिढ्यांनी सोसली, ती शहाणपण म्हणून आम्ही पुढे दिली. तिने ती आज्ञाधारकपणे पाळली आणि ज्या जागी बोलण्यालाच गुण होते तेथे ती गप्प बसली.

समोरचा इंजिनिअर फक्त उत्तर पाहत नसतो. उद्या हा मुलगा किंवा ही मुलगी आपल्याबरोबर काम करताना अडली, तर कशी विचार करील, सांगितलेले ऐकेल का, चूक मान्य करील का, हे तो पाहतो. मनातला विचार त्याला दिसत नाही. तो बोलून दाखवावा लागतो. म्हणून पुढील क्रम ठेवावा.

१. प्रश्न ऐकल्यावर तो आपल्या शब्दांत परत सांगावा व शंका विचारून घ्याव्यात. शंका विचारणे हा कमीपणा नाही.
२. लहानसे उदाहरण घेऊन ते हाताने सोडवून दाखवावे.
३. सुचलेली साधी रीत आधी सांगावी, ती संथ असली तरी. ती संथ का, हेही सांगावे.
४. मग सुधारलेली रीत सांगून, समोरच्याची संमती घेऊन लिहावयास लागावे. लिहिताना बोलत राहावे.
५. लिहून झाल्यावर एक उदाहरण ओळीनुसार तपासावे. चूक सापडली तर “येथे माझे चुकले, दुरुस्त करते” असे सरळ म्हणावे.
६. समोरच्याने काही सुचवले तर ते पकडावे. तो आपल्याला मदतच करीत असतो.

इंग्रजीची धास्ती घेऊ नये. भाषण करावयाचे नसते, लहान लहान वाक्ये पुरतात. आमची मुलगी आधी मराठीत समजावून सांगत असे, मग तेच इंग्रजीत. महिन्याभरात अडखळणे बरेच कमी झाले.

प्रकल्पाविषयी विचारल्यास अडचण काय होती, स्वतः काय केले व शेवटी काय झाले, या क्रमाने सांगावे. या लेखात आम्ही ‘आम्ही’ असे लिहितो, ती लेखनाची रीत झाली. मुलाखतीत मात्र चौघांनी केलेल्या कामात आपला वाटा ‘मी’ म्हणून स्पष्ट सांगावा. तो गर्व नव्हे. आणि दुसऱ्याचा वाटा आपला म्हणू नये.

आजकाल संगणकाला विचारले की प्रोग्रॅम लिहून मिळतो. शिकताना त्याचा शिक्षकासारखा उपयोग जरूर करावा. मुलाखतीत मात्र कंपनीने स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर ती नक्कलच होय. पकडले गेल्यास दार बंद होते, न पकडले गेल्यास पहिल्याच आठवड्यात उघडे पडते.

न कळणारा पालकही उपयोगी पडतो

अपयशानंतर आम्ही एक ठरवले. रोज जेवणे झाल्यावर मुलीने एक प्रश्न आमच्यासमोर मोठ्याने सोडवायचा. घड्याळ ४५ मिनिटांचे. आमचे काम दोनच गोष्टींचे. ती गप्प झाली की टेबलावर टकटक करायची, आणि जेथे कळले नाही तेथे हात वर करायचा. पहिल्या आठवड्यात आमचा हात वरच होता. ती चिडायची, कधी रडकुंडीला यायची. पण बी. ए. झालेल्या बापाला समजेल असे सांगता सांगता तिचे तिलाच ते अधिक स्पष्ट होऊ लागले. तिची आजीही शेजारी बसून ऐकत असे.

पुढच्या मुलाखतीत दुसरा प्रश्न वेळेत पूर्ण झाला नाही. मात्र कोठे अडले व वेळ असता तर पुढे काय केले असते, हे तिने सांगितले. तिची निवड झाली.

निवड झाली नाही तरी ती योग्यतेची अंतिम पावती समजू नये. मॅक हे संगणक वापरणाऱ्या प्रोग्रॅमरांमध्ये लोकप्रिय असलेले ‘होमब्रू’ ज्यांनी निर्माण केले त्या मॅक्स हॉवेल यांनाही गूगलने नाकारले होते. बायनरी ट्री उलटा करण्याचा प्रश्न सुटला नाही म्हणून, असे त्यांनीच २०१५ साली जाहीरपणे सांगितले. नकार आला की त्याच दिवशी प्रश्न वहीत उतरवावेत, अडलेली जागा शोधावी व पुढच्या अर्जाला लागावे.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी एक तास यासाठी द्यावा. एकाने फळ्याशी उभे राहून प्रश्न सोडवावा, इतरांनी ऐकावे, आणि चुकल्यावर कोणीही हसू नये, हा एकच नियम असावा. त्यासाठी इंजिनिअरच हवा असे नाही. शिक्षक, कंडक्टर, परिचारिका, गृहिणी, कोणीही ऐकणारा चालेल. आपल्या मुलांना अभ्यास येतो. त्यांना मोठ्याने चुकण्याची जागा हवी आहे, आणि ती देणे आपल्या हाती आहे.